खडे, खडक आणि खनिजे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागात लवकरच रत्ने आणि खनिजे यांचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरणार आहे. मला या विषयातले फारसे कळत नाही. खरेदीचा विचार नसताना अशा ठिकाणी जावे का, आणि गेल्यास काय तयारी ठेवावी?

उत्तर : अवश्य जावे. संग्रहालयातला नमुना काचेआड असतो. प्रदर्शनात तो परवानगी घेऊन हातात धरता येतो आणि तो आणणारा माणूस समोर उभा असल्यामुळे त्याला चार प्रश्न विचारता येतात. प्रदर्शन लहान आहे म्हणून त्याला कमी लेखू नये. अमेरिकेतील टूसॉन येथे दरवर्षी भरणारे आणि आज जगभरच्या व्यापाऱ्यांना खेचून घेणारे प्रदर्शन १९५५ मध्ये स्थानिक हौशी मंडळाने एका प्राथमिक शाळेत सुरू केले होते.

बरोबर दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, छोटी विजेरी आणि टिपणवही एवढे पुरेसे आहे. भिंग मात्र नीट वापरावे. ते टेबलावरच्या नमुन्यावर धरून वरून वाकून पाहिल्यास काहीच धड दिसत नाही. ते डोळ्याच्या अगदी जवळ धरून नमुना भिंगाकडे आणावा, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरवर तो एकदम स्पष्ट होतो. नमुना उचलताना स्फटिकांना न धरता खालच्या खडकाला तळहाताचा आधार द्यावा, आणि नमुना टेबलाच्या वरच धरावा. पहिली फेरी काहीही विकत न घेता पूर्ण करावी, कारण एकच खनिज तीन टेबलांवर पाहिले की चांगला आणि सामान्य नमुना यांतला फरक कोणी न सांगताही कळू लागतो.

कुठे कॅल्साइट या खनिजाचा पारदर्शक, तिरप्या चौकोनी आकाराचा तुकडा दिसला तर विक्रेत्याला विचारून तो छापील अक्षरावर ठेवून पाहावा. एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात, आणि तुकडा हळूहळू फिरवला की त्यांतले एक जागच्या जागी राहते व दुसरे त्याच्याभोवती फिरते. खनिजात शिरलेला प्रकाशकिरण दोन वाटांनी जातो, त्याचा हा परिणाम आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून मी गडद नारिंगी रंगाचा ‘सिट्रीन’चा गुच्छ घेतला. आता एक परिचित तो खोटा असल्याचे सांगतात. खरे काय मानावे?

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रात स्फटिकांची टोके करपल्यासारखी नारिंगी आणि बुडाचा भाग दुधासारखा पांढरा दिसतो. ही बहुधा भट्टीत तापवलेल्या अ‍ॅमेथिस्टची खूण आहे. अ‍ॅमेथिस्ट आणि सिट्रीन ही दोन्ही क्वार्ट्झ या एकाच खनिजाची रूपे आहेत. अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग त्यातील लोहाच्या अंशामुळे आणि भूगर्भातील नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे आलेला असतो. बऱ्याच अ‍ॅमेथिस्टना काही शे अंश सेल्सिअस तापमान दिले की तो जाऊन पिवळा ते नारिंगी रंग येतो. नैसर्गिक सिट्रीनचा रंग बहुतेकदा फिकट, किंचित धुरकट आणि स्फटिकभर सारखा पसरलेला असतो.

तरीही ‘खोटा’ हा शब्द येथे मला योग्य वाटत नाही, कारण आपला गुच्छ अस्सल क्वार्ट्झचाच आहे आणि फक्त त्याचा रंग माणसाने आणलेला आहे. प्रदर्शनात चार गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या असतात : निसर्गातून जसेच्या तसे आलेले, प्रक्रिया केलेले, प्रयोगशाळेत वाढवलेले आणि केवळ नक्कल असलेले. पहिल्या तिन्हींत रासायनिक घडण सामान्यतः त्याच खनिजाची असते. चौथ्यात पदार्थच वेगळा असतो. ‘ओपलाइट’ आणि तांबूस चमचमणारा ‘गोल्डस्टोन’ ही काच आहे. पिरोजा म्हणून विकले जाणारे कितीतरी मणी निळ्या रंगात बुडवलेल्या हाउलाइट या पांढऱ्या खनिजाचे असतात. इंद्रधनुषी झळाळीच्या ‘ऑरा’ क्वार्ट्झवर धातूच्या वाफेचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. यांपैकी काहीही विकणे गैर नाही. ते न सांगता विकणे गैर आहे. म्हणून ‘हे खरे आहे का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ‘यावर कोणती प्रक्रिया झाली आहे?’ असे विचारावे, आणि मिळालेले उत्तर पावतीवर लिहून मागावे. सचोटीचा विक्रेता त्याला सहसा नकार देत नाही.

भिंगातून पाहण्याच्या खुणाही थोडक्यात सांगतो. रंगवलेल्या अकीकात रंग भेगांमध्ये साचून तेथे अधिक गडद दिसतो. काचेत गोल बुडबुडे सापडतात. स्फटिक खडकाला चिकटवलेला असेल तर सांध्यावर डिंकाची चकचकीत रेघ किंवा शिंपडलेली भुकटी दिसते. पुष्कळसे डिंक अतिनील विजेरीखाली निळसर पांढरे उजळतात, त्यामुळे शंका असल्यास तीही चाचणी करावी. ओरखडा काढून काठिण्य तपासण्याची पद्धत, जिची दहा पायऱ्यांची मोजपट्टी फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडली, ती मात्र दुसऱ्याच्या मालावर कधीही वापरू नये.

प्रश्न : नमुन्यासोबत मिळणारी छोटी चिठ्ठी जपून ठेवावी का?

उत्तर : नमुन्याइतकीच. खनिजाचे नाव जाणकाराला पुन्हा ठरवता येते, पण नमुना कोठे सापडला हे एकदा विसरले गेले की बहुधा कायमचे हरवते, आणि स्थळाची नोंद नसलेला नमुना अभ्यासकाच्या लेखी शोभेची वस्तू उरतो. चिठ्ठीवर नुसते ‘ब्राझील’ असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नये. खाण, जिल्हा आणि शक्य असल्यास सापडल्याचे वर्ष विचारून घ्यावे. नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर बारीक क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक वहीत व चिठ्ठीवर घालावा. आधीच्या मालकाची जुनी चिठ्ठी मिळाली तर ती फेकून नवी करू नये, दोन्ही ठेवाव्यात.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला प्रदर्शनाला नेणे सुरक्षित आहे का?

उत्तर : आहे. फक्त दगड हाताळल्यावर हात धुण्याची सवय लावावी. सिनाबारमध्ये पारा, गॅलेनामध्ये शिसे आणि लालभडक रिअलगारमध्ये आर्सेनिक असते; रिअलगार तर उजेडात राहून राहून पिवळ्या भुकटीत बदलते. तंतुमय खनिजे, विशेषतः अ‍ॅस्बेस्टॉसच्या जातीची, डबीतून बाहेर काढू नयेत. जिभेने चाटून हॅलाइट, म्हणजे खनिज मीठ, ओळखणारे भूशास्त्रज्ञ असतात, परंतु तो धडा घरी गिरवण्याजोगा नाही. अतिनील विजेरीचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ देऊ नये. मुलीने स्वतः निवडलेला, घासून गुळगुळीत केलेला एखादा साधा दगड पहिल्या खरेदीला उत्तम.

प्रश्न : प्रदर्शनात माणिक दुकानापेक्षा बरेच स्वस्त मिळते असे ऐकले. घ्यावे का?

उत्तर : मोठी रक्कम गुंतणार असेल तर जागच्या जागी घेऊ नये. ओग्यूस्त व्हेर्नॉय यांनी कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून असे माणिक बाजारात आहे. त्यात भिंगातून वक्र रेषा दिसू शकतात, पण त्या ओळखायला सरावलेली नजर लागते. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे भेगांत शिसेयुक्त काच भरलेले माणिक. ते मूळचे नैसर्गिक असले तरी त्याच्या वजनातला काही भाग काचेचा असतो, आणि ती काच सोनाराच्या ज्योतीने, इतकेच काय लिंबाच्या रसानेही खराब होते. खडा स्वतंत्र रत्नपरीक्षण प्रयोगशाळेला दाखवून अहवाल वर्णनाशी न जुळल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, ही अट पावतीवर मुदतीसह लिहून घ्यावी. विक्रेता त्यास तयार नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी तो खडा तेथेच ठेवून पुढच्या टेबलाकडे वळावे.