नमुना पाहण्यांचे दिवस भरले का?

कर, नोंदणी, मोबाइल असा डोंगराएवढा डेटा हाताशी असताना सरकारी सांख्यिकीला घरोघरच्या नमुना पाहण्या कशाला हव्यात, आणि नमुना निवडीचा सिद्धांत आता शिकावा का, असं तुम्ही विचारलंत. शिकाच. सिद्धांत मोडीत निघालेला नाही, त्याचं काम बदललंय.

१९३४ साली संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी चौकट घालून दिली ती अशी: प्रत्येक घर नमुन्यात येण्याची शक्यता आधी ठाऊक असेल, तर लोकसंख्येबद्दल फारसं काही गृहीत न धरता अंदाज काढता येतो आणि तो कितपत चुकू शकतो हेही सांगता येतं. अडचण एवढीच की हल्ली लोक दारच उघडत नाहीत. ब्रिटनच्या श्रमशक्ती पाहणीचा प्रतिसाद २०२३ मध्ये २० टक्क्यांच्या खाली घसरला आणि बेरोजगारीचे नेहमीचे आकडे काही काळ थांबवावे लागले. निवड कितीही काटेकोर करा, पाचातले चौघे गप्प बसले तर उरलेला एक कोण, हे तुमच्या हातात राहत नाही. मग भारांक, म्हणजे एक उत्तर किती जणांच्या वतीने मोजायचं ते आकडे, असे बदलायचे की वय, लिंग, प्रदेश यांच्या बेरजा जनगणनेशी जुळाव्यात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यात एकाच गटातले बोलणारे आणि न बोलणारे सारखेच असतात, हे गृहीतक गुपचूप आत शिरतं. म्हणजे मॉडेल, गृहीतकांवर उभा असलेला हिशेब, आलंच.

मग मोठा डेटाच का नको? संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीवरून हिशेब मांडला. उत्तर देणं आणि मत यांच्यात जेमतेम ०.००५ इतका सहसंबंध असला, तरी २३ लाख उत्तरांची किंमत सुमारे ४०० जणांच्या खऱ्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडावा तशा) नमुन्याइतकीच उरते. वर त्रुटीची मर्यादा इतकी बारीक दिसते की चुकीचा आकडा छातीठोकपणे छापला जातो.

प्रशासकीय नोंदींचं, म्हणजे सरकारी कामकाजात आपसूक जमणाऱ्या माहितीचं, दुखणं वेगळं. बेरोजगारी भत्त्याचा नियम कडक झाला की नोंदणीकृत बेरोजगार कमी होतात, एकालाही नोकरी न लागता. पाहणीत मात्र आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केलं का, हे थेट विचारलेलं असतं. म्हणून हल्ली छोटा पण नीट निवडलेला नमुना ठेवतात आणि त्यावर मोठ्या नोंदी तपासून, दुरुस्त करून घेतात.

हॉर्विट्झ-थॉम्पसनचा अंदाजक, म्हणजे प्रत्येक उत्तराला त्याच्या निवडीच्या शक्यतेने भागून बेरीज काढण्याचं सूत्र, एकदा हाताने सोडवा. मग प्रतिसादाच्या शक्यतेची मॉडेलं आणि फे-हेरिअट पद्धतीचे लहान क्षेत्रांचे अंदाज (जिथे नमुना तोकडा पडतो तिथे मॉडेलच्या आधाराने काढलेले) घ्या. प्रचरणाची (अंदाज नमुन्यागणिक किती हलतो याच्या मापाची) लांबलचक सूत्रं पाठ करू नका, ते काम सॉफ्टवेअरचं.