सॅक्सोफोनवर पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार.

बारावी वाणिज्य शाखेत शिकणारा आपला मुलगा बँड पथकात आल्टो सॅक्सोफोन वाजवतो, त्याला जॅझवादक व्हायचे आहे आणि यावर त्याचे पोट भरेल का, असे आपण कुडाळहून विचारले आहे. उत्तर शोधताना आपण शेजारच्या गोव्यातील जॅझ सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांचे आयुष्य पाहावे, असे मला वाटते.

गोव्यात चर्चच्या पाठशाळांतून मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. त्या शिदोरीवर तिथले वादक मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात पोहोचले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके वाजत होता. गोन्साल्विसही याच परंपरेतले. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ब्लू फॉक्स या रेस्टॉरंटमध्ये ते पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्यासह वाजवत, आणि १९७० च्या 'रागा रॉक' या अल्बममध्ये त्यांनी रागसंगीताला जॅझशी जोडले. एखाद्या घराण्याइतक्या समृद्ध अशा या परंपरेची दखल मराठी घरांत फारशी घेतली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र या वादकांची मासिक मिळकत प्रामुख्याने जेवायला आणि नाचायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाजवण्यातून येत असे. समोर ठेवलेली कोणतीही स्वरलिपी तत्काळ वाजवता येणे, हीच त्यांची खरी पात्रता होती. पुढे हॉटेलांतील कायमचे वाद्यवृंद कमी झाले आणि सिंथेसायझरमुळे स्टुडिओतील वादकांची गरजही घटली. त्यामुळे आज केवळ जॅझ वाजवून घर चालवणे भारतात फार थोड्यांना जमते, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

म्हणून त्याने पदवी पूर्ण करावी, पण सराव मुळीच थांबवू नये. बँडमध्ये तो कानाने वाजवत असल्यास आधी स्वरलिपी शिकावी आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षा क्रमाने द्याव्यात. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. तिथे सॅक्सोफोनचे वर्ग सध्या चालू आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये नियमित पगार मिळतो, हा मार्गही कमी लेखू नये.

नव्या वाद्याची घाई नको. जुने घ्यायचे ठरल्यास त्याचे पॅड, म्हणजे छिद्रे झाकणाऱ्या गाद्या, नीट बसतात का, हे शिक्षकांकडून तपासून घ्यावे.