महाधिवक्ता व्हायला कुठली परीक्षा असते?

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला, मुलगा बेळगावात लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. अधिवेशनाच्या वेळी सुवर्णसौधजवळ (बेळगावातलं विधानभवन) गाड्या जाताना बघून म्हणाला, बाबा मला राज्याचा ॲडव्होकेट जनरल, म्हणजे महाधिवक्ता, सरकारचा सगळ्यात मोठा वकील व्हायचंय. ह्याची परीक्षा कधी असते? आमच्यासारख्याच्या पोराला जमेल का?

उत्तर : भाऊ, परीक्षाच नाही ह्याला. घटनेच्या कलम १६५ प्रमाणे राज्यपाल नेमतात, म्हणजे खरं तर सरकार ठरवतं, आणि अट एवढीच की माणूस हायकोर्टाचा जज व्हायला पात्र पाहिजे, म्हणजे साधारण १० वर्षं हायकोर्टात वकिली. पण १० वर्षांत कोण बोलावतंय, निम्मं आयुष्य कोर्टात गेलेलं असतं तेव्हा नाव निघतं. मुदतही ठरलेली नाही, सरकार बदललं की बहुतेक जण राजीनामा देतात.

बेळगावातून लॉ केलं म्हणून पोराला कमीपणा वाटू देऊ नका. आपल्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शिकलेले ई. एस. वेंकटरामय्या १९७० ला तेव्हाच्या म्हैसूर राज्याचे महाधिवक्ता झाले, त्याच वर्षी हायकोर्टात जज आणि १९८९ ला देशाचे सरन्यायाधीश. के. के. वेणुगोपाल पण तिथलेच, ते तर २०१७ ते २०२२ देशाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सगळ्यात मोठे वकील होते. संतोष हेगडे १९८४ ते ८८ कर्नाटकाचे महाधिवक्ता, पुढे सुप्रीम कोर्टाचे जज आणि मग लोकायुक्त, बळ्ळारीच्या बेकायदा खाणींवरचा रिपोर्ट त्यांचाच.

पण मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो एच. एम. सीरवाई, १९५७ ते ७४ अशी १७ वर्षं, आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता. केशवानंद भारती खटल्यात केरळ सरकारकडून १३ जजांपुढे उभे राहून त्यांनी मांडलं की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला बंधन नाही, आणि नंतर आणीबाणी बघितल्यावर स्वतःच्याच पुस्तकात मत बदललं आणि तसं उघड लिहिलं. एवढं मोठं नाव असताना आपलं चुकलं म्हणायला छाती लागते हो. ह्या खुर्चीत तीच लागते, कारण सरकारला सल्ला देताना कधीतरी मंत्र्याला तोंडावर सांगावं लागतं की साहेब, हे कोर्टात टिकणार नाही.

आता भाषेचं. तालुका आणि जिल्हा कोर्टात कन्नड लागतंच, हायकोर्टात इंग्लिश, दोन्ही आजपासून पक्कं करायला सांगा, इथं भावनेला जागा नाही. आणि मराठी फुकट जात नाही बघा, आपल्या भागातल्या जमिनीच्या केसमध्ये १९५६ आधीचे, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात असतानाचे कागद मराठीत, कधी मोडीत निघतात. माझे सिनियर फाईल हातात दिली की आधी उताऱ्यामागची जुनी फेरफार नोंद मोठ्यानं वाचायला लावायचे, एका नोंदीत बहिणीचं नाव गळालेलं मी तिसऱ्या वाचनात पकडलं आणि अख्खी केस फिरली. तेव्हापासून कागद वाचायचा कंटाळा केला नाही.

कॉलेजला सुट्टी पडली (कोर्ट चालू असताना हं) की पोराला धारवाडच्या हायकोर्ट बेंचला पाठवा, २००८ पासून आपल्या केसेस तिथंच जातात. मागच्या बाकावर बसून सरकारी वकील कुठल्या प्रश्नाला फाईल चाळत राहिला ते वहीत उतरून घ्यायला सांगा, आणि त्याचं उत्तर घरी येऊन शोधायला.