वास्को द गामा आणि लिओनार्दो दा विंची यांच्या नावांतला 'दा' एकच आहे का?

नाही. रोमन लिपीत दोन्हीकडे तीच दोन अक्षरं आहेत आणि दोन्ही शब्द लॅटिनमधूनच आले आहेत, म्हणून गल्लत होते. घडण मात्र वेगळी आहे.

गामाचा 'द' हा जोडशब्द आहे. पोर्तुगीजमध्ये 'दे' म्हणजे चा-ची-चे आणि 'आ' हे स्त्रीलिंगी नामाआधी लागणारं उपपद. दोन्ही मिळून 'द'. नाम पुल्लिंगी असेल तर त्याचंच 'दु' होतं. 'सिल्वा' म्हणजे अरण्य, 'कोश्ता' म्हणजे किनारा. दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून द सिल्वा, द कोश्ता. गोव्यात आणि वसईत हीच आडनावं डिसिल्वा, डिकॉस्टा झाली. डिसोझा आणि डिमेलो मात्र नुसत्या 'दे'ची, त्यांत उपपद नाही. आपल्याकडे सरसकट 'डि' झाल्यामुळे हा फरक पुसला गेला. आणि हो, पोर्तुगीज लोक हा 'द' तोकडाच उच्चारतात. त्यामुळे मराठीत आपण 'वास्को द गामा' लिहितो ते अगदी बरोबर आहे, उगाच काना देऊन सुधारायला जाऊ नका.

लिओनार्दोच्या 'दा'मध्ये उपपद नाही. लॅटिनमधले 'दे' आणि 'आब' हे दोन शब्द एकमेकांत मुरून तो तयार झाला. मूळ अर्थ 'हून, पासून'. विंची हे टस्कनीतलं गाव, त्याच्या आसपासच १४५२ साली लिओनार्दोचा जन्म झाला. म्हणजे मराठीत सांगायचं तर लिओनार्दो विंचीकर. फक्त आपलं 'कर' आडनाव झालं, त्याचं तसं नव्हतं. म्हणून कलेचे अभ्यासक त्याला नुसतं लिओनार्दो म्हणतात, 'दा विंची' म्हणत नाहीत. गामाचा 'द' इटालियनमध्ये न्यायचा झाला तर तिथे 'देल्ला' म्हणावं लागेल.

इटालियन शिकताना या 'दा'ने मला भरपूर छळलं. 'दा रोमा' म्हणजे रोमहून, इथवर ठीक. पण हाच शब्द पुढे उपपद जोडून 'दाल मेदिको' असा आला की त्याचा अर्थ 'डॉक्टरकडून' होतो आणि 'डॉक्टरकडे'ही होतो! माणूस येतोय की जातोय, ते क्रियापदावरून ओळखायचं. शिवाय 'दा बाम्बीनो' म्हणजे 'लहान असताना', आणि 'दा बेरे' म्हणजे 'प्यायला काहीतरी'. एवढं काम एकट्या शब्दाकडून करून घेणं म्हणजे वेठबिगारीच.

आता याच 'दा'वर एक चिन्ह चढवा. इटालियन आणि पोर्तुगीज दोन्हींत अर्थ होतो 'देतो'. पोलिशमध्ये चिन्हाशिवायच 'दा' म्हणजे 'देईल'. हे तिन्ही आपले लांबचे नातलग आहेत: संस्कृतातला 'दा' धातू, आपलं देणं, दान, दाता, सगळं त्याच मुळाचं.

जर्मन 'दा' मात्र परका. त्याचा अर्थ 'तिथे', काही वाक्यांत 'कारण'. तो इंग्रजी 'देअर'चा भाऊ आणि संस्कृत 'तद्'च्या कुळातला. वेल्श भाषेत 'दा' म्हणजे चांगला. सकाळी भेटल्यावर 'बोरे दा' म्हणतात.

रशियन 'दा' म्हणजे 'हो', हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण सगळ्या स्लाव्ह भाषांत तसं नाही. पोलिश लोक होकाराला 'ताक' म्हणतात, चेक लोक 'आनो'. सर्बियनमध्ये 'दा' म्हणजे 'हो' आणि शिवाय 'की'सुद्धा.

सगळ्यात मजा रुमानियनची. ही लॅटिनची लेक, पण लॅटिनमध्ये 'हो'साठी एकच असा ठरलेला शब्द नव्हता. इटालियनने 'असं' या अर्थाच्या 'सिक'वरून 'सी' केलं. रुमानियनने शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून 'दा' उचलला. आणि 'देणे' या अर्थाचा लॅटिन घराण्यातला 'आ दा' तिच्याकडे आधीपासून होताच.