एसएसडी फॉरमॅट करू नका, आधी माउंटच्या खाली बघा

तुमची पोस्ट दुपारी वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. शनिवारी वीज गेली, आल्यावर जेलीफिनमध्ये (घरच्या सर्व्हरवरून पिक्चर दाखवणारा प्रोग्राम) लायब्ररी रिकामी, टर्मिनलवर मात्र हार्डडिस्कवरचं सगळं दिसतंय, फोनचे फोटो अपलोड होताहेत पण सापडत नाहीत, सिस्टिम जिच्यावर आहे ती एसएसडी अचानक ९५ टक्के भरलीय. आणि आता तुम्ही एसएसडी पुसून डेबियन ही लिनक्स सिस्टिम नव्याने टाकणार आहात, कारण "डेटा तर सगळा हार्डडिस्कवरच आहे".

कृपा करून थांबा. मी २०२२च्या मे महिन्यात हेच वाक्य मनाशी म्हणून एसएसडी पुसली होती.

आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज गेली. मिनी पीसी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर, पण ४ टीबीच्या डिस्कचा अडॅप्टर शेजारच्या साध्या सॉकेटवर. इन्व्हर्टरने भार उचलताना पीसी रीस्टार्ट झाला आणि डिस्कविनाच उठला. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, असं असल्यामुळे बूट अडलं नाही, डॉकरने सगळे कंटेनर, म्हणजे आपापल्या डब्यात चालणारे प्रोग्राम, चालू केले. डिस्क जिथे माउंट व्हायची, म्हणजे जोडली जायची, ते फोल्डर रिकामं का होईना, होतंच. कंटेनरांना तेच मिळालं.

संध्याकाळी डिस्कचा निळा दिवा बंद दिसला. वायर बदलली, हाताने माउंट केलं, जेलीफिन रीस्टार्ट केलं. पिक्चर दिसायला लागले, मी निर्धास्त झालो. फाइलब्राउझरचा, म्हणजे फायली चढवायच्या प्रोग्रामचा, कंटेनर मात्र रीस्टार्ट केला नाही. चूक ती एवढीच.

कंटेनर चालू झाल्यानंतर होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, डिस्क माउंट केली, तर बाइंड माउंटच्या (होस्टवरचं फोल्डर कंटेनरला जोडून द्यायच्या पद्धतीच्या) नेहमीच्या सेटिंगमध्ये ती आधीपासून चालू असलेल्या कंटेनरच्या आत पोचत नाही. त्याला खालचं जुनं फोल्डरच दिसत राहतं आणि तो तिथेच लिहीत राहतो. ते फोल्डर असतं एसएसडीवर. होस्टवरून बघाल तर वर डिस्क बसलेली, म्हणून खालचं काहीच दिसत नाही. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड म्हणते एसएसडी भरली, फायलींची बेरीज करणारी डीयू म्हणते एवढ्या फायलीच नाहीत. ही तफावत दिसली की समजायचं, माउंटच्या खाली काहीतरी दडलंय.

पुढच्या आठवड्यात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. दोन कॅमेरे, ६४ जीबीची दोन कार्डं. फाइलब्राउझरमधून चढवली, तिथेच एक क्लिप चालवून पाहिली: आत्या पाटावर बसलीय, सुना ओवाळताहेत, दिव्यांच्या उजेडात तिचा चष्मा चमकतोय. चालली. म्हणून दोन्ही कार्डं रिकामी करून परत दिली. २५६ जीबीची एसएसडी भरत आली, जेलीफिनला स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहिता येईना, लॉगमध्ये एररच एरर. वैतागून मी एसएसडी पुसली.

मग व्हिडिओ शोधायला लागलो. डेटा रिकव्हरीवाल्यांकडे हार्डडिस्क दिली. तीन आठवडे ठेवून घेतली, तपासणीचे पैसे घेतले आणि "काही मिळालं नाही" म्हणाले. मिळणार कसं, त्या डिस्कवर ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं! फायली कुठून चढवल्या, कोणत्या मशीनवर, हे काउंटरवर कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मला कारण कळलं तोवर एसएसडीचा काही उपयोग उरला नव्हता: ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमने नव्याने फॉरमॅट करताना जुने ब्लॉक टाकून द्यायची सूचना एसएसडीला जाते, त्यानंतर परत मिळायची आशा जवळपास नसते. आत्याच्या त्या दिवसाची आमच्याकडे आता व्हॉट्सअॅपवर आलेली चाळीस सेकंदांची क्लिप आहे.

तर तुम्ही आज एवढंच करा. सगळे कंटेनर थांबवा. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन 'तपास' नावाचं रिकामं फोल्डर करा आणि माउंट कमांडला बाइंड पर्याय लावून '/', म्हणजे सिस्टिमचं सगळ्यात वरचं फोल्डर, त्यावर जोडा. मग 'तपास'च्या आत तुमच्या माउंटच्या पत्त्याने खाली उतरा. वर बसलेली डिस्क तिथे येत नाही, एसएसडीवरचं मूळ फोल्डर उघडं दिसतं. फोटो तिथेच असतील असं मला वाटतं. तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही, म्हणून खात्री देत नाही, पण बघायला काही बिघडत नाही. सापडले तर आधी हार्डडिस्कवर कॉपी करा, उघडून बघा, मगच तिथून काढा.

पुन्हा होऊ नये म्हणून मी काय केलं ते सांगतो. कंटेनरला डिस्कचं माउंट फोल्डर थेट द्यायचं नाही, डिस्कवरचं आतलं एखादं फोल्डर द्यायचं, डिस्क नसली की तेही नसतं. शिवाय कंपोजमध्ये (कंटेनरांच्या सेटिंगची फाइल) होस्टवर फोल्डर आपोआप बनवायचा पर्याय बंद करायचा, नाहीतर डॉकर मुकाट्याने नवीन रिकामं फोल्डर बनवून मोकळा होतो. डिस्क नसेल तर कंटेनर सुरूच होता कामा नये. बंद पडलेला सर्व्हर लगेच लक्षात येतो, चुकीच्या जागी लिहिणारा येत नाही. त्याशिवाय डिस्क काढलेली असताना रिकाम्या माउंट फोल्डरला चॅटर कमांडने 'इम्युटेबल', म्हणजे न बदलण्याजोगं, करून ठेवलंय, म्हणजे तिथे रूटलाही लिहिता येत नाही. 'नोफेल' काढा असं काही जण सांगतील. मी नाही सांगणार, मॉनिटर नसलेलं मशीन बूटलाच अडकलं की आणखी ताप.

आणि डिस्कचा अडॅप्टर आजच इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर तेही दाबा, वीज जाताना पीसी रीस्टार्ट व्हायची शक्यता कमी होते.

पोस्टच्या शेवटी तुम्ही जेलीफिनचं ८०९६ पोर्ट बाहेरून उघडायचं विचारलंय. माझं मत, उघडू नका. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातं, त्यामुळे फायरवॉल लावलाय या भरवशावर राहू नका. पण ते नंतर बघू.

'तपास'मध्ये काय दिसलं ते इथेच लिहा. मी रात्री नऊनंतर असतो. तोवर एसएसडीला हात लावू नका.