एसएमडी ट्रान्झिस्टरवरची दोन-तीन अक्षरे : वाचकांचे प्रश्न

(एसएमडी म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाख लावून बसवलेले लहान घटक. त्यांवरील रोमन अक्षरे येथे देवनागरीत दिली आहेत. ‘१एफ’ म्हणजे एक हा आकडा आणि त्यापुढे एफ हे अक्षर.)

प्रश्न : चार्जरच्या बोर्डावरील तीन पायांच्या घटकावर ‘१एफडब्ल्यू’ असे लिहिले आहे. या नावाचा ट्रान्झिस्टर पुण्याच्या तापकीर गल्लीत कोणत्याच दुकानात मिळाला नाही.

तो मिळणारही नाही, कारण ते नाव नव्हेच. एसओटी-२३ आवरणाचे अंग सुमारे २.९ मिलिमीटर लांब आणि १.३ मिलिमीटर रुंद असते. पूर्ण क्रमांक वाचता येईल अशा आकारात तेथे मावत नसल्याने उत्पादक दोन-तीन अक्षरांची खूण उमटवतात आणि ती कोणत्या क्रमांकाची, हे डेटाशीटमध्ये (घटकाच्या माहितीपत्रकात) देतात. ‘१एफ’ ही बीसी८४७बी या एनपीएन ट्रान्झिस्टरची खूण आहे. शेवटचा ‘डब्ल्यू’ हे एनएक्सपी या उत्पादकाच्या पद्धतीनुसार कारखान्याचे अक्षर असून त्याचा अर्थ चीन. त्याच जागी ‘टी’ असता तर मलेशिया आणि ‘पी’ असता तर हाँगकाँग. दुकानात मात्र तो डब्ल्यू जोडून बीसी८४७बीडब्ल्यू मागू नये, कारण त्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर एसओटी-३२३ या लहान आवरणातला असतो आणि आपल्या पॅडवर बसणार नाही.

शेवटचे अक्षर नेहमीच गाळावे, असाही नियम नाही. ऑनसेमी या उत्पादकाच्या एमएमबीटी३९०४ ट्रान्झिस्टरवरील ‘१एएम’मधला ‘एम’ हा खुणेचाच भाग आहे. तारखेचे अक्षर त्याच्या बाजूला निराळे असते.

प्रश्न : ‘ए१’ ही खूण एका यादीत जोडडायोडची (एकाच आवरणातले दोन डायोड), तर दुसऱ्या यादीत मॉसफेटची (गेटवरील व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) दिली आहे. खरे कोणते मानावे?

दोन्ही याद्या बरोबर आहेत. या खुणांची जगभर एकच नोंदवही नाही; प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने त्या ठरवतो. ‘ए१’ बीएडब्ल्यू५६ या जोडडायोडवर असते आणि एसआय२३०१ या पी-चॅनेल मॉसफेटवरही असते, तेही त्याच एसओटी-२३ आवरणात. मॉसफेटवर ‘ए१’पुढे बहुधा आणखी अक्षरे असतात, पण ती पुसली गेली असल्यास निर्णय मल्टिमीटरने घ्यावा.

घटक बोर्डावरून काढून एकटा पाय वर येईल असा धरावा. मग खालचा डावा पाय पहिला, उजवा दुसरा आणि वरचा तिसरा. चिमट्याने तिन्ही पाय क्षणभर एकत्र जोडावेत, म्हणजे मॉसफेटच्या गेटवर साठलेला भार निघून जाईल. मीटर डायोड मोडवर ठेवून लाल टोक तिसऱ्या पायावर आणि काळे दुसऱ्यावर लावल्यास अर्धा-पाऊण व्होल्टच्या दरम्यान वाचन येईल, आणि फसगत होते ती येथेच. कारण जोडडायोडमध्ये तो एक डायोड असतो, तर मॉसफेटमध्ये ड्रेनकडून (तिसरा पाय) सोर्सकडे (दुसरा पाय) जाणारा अंगभूत डायोड. खरा फरक पहिल्या पायावर कळतो. काळे टोक तेथे नेल्यावरही तसेच वाचन आले तर तो बीएडब्ल्यू५६. काहीच आले नाही तर तो पाय गेट आहे. मी स्वतः एकदा दुसऱ्याच पायावर थांबलो आणि मॉसफेटच्या जागी डायोड बसवून मोकळा झालो होतो.

घटक जळालेला असेल तर ही चाचणी व्यर्थ आहे. अशा वेळी ट्रॅक पाहावेत : दुसऱ्या पायाला बॅटरीच्या धन टोकाकडून रुंद ट्रॅक येत असेल आणि पहिल्या-दुसऱ्या पायांमध्ये एखादा रोधक जोडलेला असेल, तर मॉसफेटची शक्यता फार मोठी.

प्रश्न : ‘जे३वाय’च्या जागी बीसी८४७ चालेल का?

‘जे३वाय’ म्हणजे एस८०५०, आणि त्याची कलेक्टर प्रवाहाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे. बीसी८४७ची १०० मिलिअँपिअर. केवळ सिग्नल पुढे देण्याचे काम असेल तर चालेल. रिले किंवा बझर चालवायचा असेल तर बसवू नये.

प्रश्न : ‘२४’ खूण असलेले पाच नवे ट्रान्झिस्टर तपासले. डायोड मोडवर पाचही उघडे (म्हणजे प्रवाह जातच नाही असे) दाखवतात. माल खराब आहे का?

पाचही एकाच प्रकारे ‘खराब’ असतील, तर संशय मालापेक्षा चाचणीवर घ्यावा. रोम या जपानी कंपनीच्या पद्धतीत ‘२४’ ही डीटीसी११४ई या डिजिटल ट्रान्झिस्टरची खूण आहे. त्याच्या पोटातच बेसला १० किलोओहमचा एक रोधक आणि बेस-एमिटरमध्ये तेवढाच दुसरा असतो. डायोड मोडचा प्रवाह पहिल्या रोधकातच अडत असल्याने मीटर उघडे दाखवतो. मीटर किलोओहमच्या पट्ट्यावर घेऊन पहिल्या आणि दुसऱ्या पायांमध्ये मोजावे. सुमारे २० किलोओहम आले तर ते रोधक शाबूत आहेत. बोर्डावर चढवण्यापूर्वी खूण मात्र भिंगाखाली पुन्हा एकदा पाहावी. आकडेच असलेली खूण उलटीही वाचली जाते : ‘१६’ उलट धरल्यावर ‘९१’ दिसते, आणि ‘१६’ ही त्याच घराण्यातील, पण पीएनपी असलेल्या डीटीए१४४ईची खूण आहे.