लढाई संपली, आता कादंबरीत उरलं काय?

प्रश्न : भाऊ नमस्कार, मी एक विज्ञान कादंबरी लिहून राहिलो. परग्रहवाल्यांनी पृथ्वी जिंकली त्याला तीस वर्षं झाली, तिथून गोष्ट सुरू होते. मित्र म्हणतात लढाईच संपली तर वाचणार कोण, आणि मूठभर परग्रहवाले आठशे कोटी माणसं कशी काय सांभाळतात हे पटत नाही. आता मलाही शंका येऊन राहिली. आणि लिहून झालं तर पाठवू कुठे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : राजेहो, महालात राहून हे विचारता म्हणजे कमालच झाली! तुमच्याच नागपूरचे भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली नोव्हेंबर १८१७ मध्ये. नागपूर खालसा झालं १८५४ साली. मधली छत्तीसेक वर्षं काय होतं? इंग्रजांनी राजे अप्पासाहेब भोसल्यांना काढलं, लहानग्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं आणि ते मोठे होईपर्यंत कारभार पाहिला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेन्किन्सने. गादी आपली, दरबार आपला, हुकूम त्याचा. मग रघुजी वारले, मुलगा नव्हता, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्यच घेतलं, वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात गेले. तुमची कादंबरी या मधल्या वर्षांतली आहे, लढाईतली नाही, मित्रांना म्हणा दोन ओळीत उरकतो ती.

मूठभर लोकांचं म्हणाल तर इंग्रजांचे आयसीएस, म्हणजे वरच्या मुलकी सेवेतले, अधिकारी हजाराच्या आसपास होते आणि माणसं तीस कोटी, बाकी कारकून, शिपाई, पटवारी सगळे आपलेच होते ना! म्हणून तुमचा नायक बंडखोर नको, तो परग्रहवाल्यांच्या कचेरीत रेशनच्या याद्या करणारा बाबू असू द्या, ज्याला पगारही वेळेवर मिळतो आणि शेजाऱ्याचं नाव यादीतून काढायचं का हेही त्यालाच ठरवावं लागतं.

एच. जी. वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' कादंबरीत (१८९८) मंगळवाले शेवटी जंतूंनी मरतात, ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला तो तोफखान्याचा सैनिक सांगतो की काही माणसं पाळीव होऊन मजेत राहतील, ते कोणी आठवत नाही, आणि मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक जागा तीच. आर्थर क्लार्कच्या 'चाइल्डहूड्स एन्ड' कादंबरीत (१९५३) तर परके येऊन युद्धंच बंद करतात, सुबत्ता आणतात आणि पन्नास वर्षं तोंड दाखवत नाहीत. तक्रार तरी कशाची करायची बे?

आता विज्ञान. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे घर तिथे असलं आणि तुमच्या परग्रहवाल्या रेसिडेंटने इथून विचारलं की 'काय करू', तर निरोप प्रकाशाच्या वेगाने गेला तरी उत्तर यायला साडेआठ वर्षं. कंपनीच्या काळी कलकत्त्याचं पत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून लंडनला जायला महिनोन्महिने लागायचे, तेवढ्यात इथले साहेब मनाला येईल ते करून मोकळे व्हायचे. तुमचाही साहेब एकटा आहे, घाबरलेला आहे आणि वरून जाब विचारणारं कोणी नाही, आठ वर्षांनी जे उत्तर येईल ते आता लागू तरी पडेल का? माझ्या मते कथानक इथेच आहे, पण साहेबाला फार हुशार करू नका, हुशार साहेब कंटाळवाणा होतो.

पाठवायचं म्हणाल तर मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते, तिथे कथा लागते, कादंबरी नाही. त्या बाबूचं एक प्रकरण सुटं काढून कथा करा आणि ती पाठवा, बाकीचं सावकाश लिहा.